सोळा पायऱ्या आणि दाखल-खारीज रजिस्टर

स्मरणिकेसाठी लेख पाठव असा निरोप आला, तेव्हा "तू इतिहासवाला, केळझर नाहीतर पवनारवर लिहून टाक" अशी पुस्तीही सोबत होती. केळझरचा सिद्धिविनायक, एकचक्रानगरी आणि बकासुर यांवर आपल्यातल्या प्रत्येकाने शाळेत निबंध लिहिलेला आहे. काहींनी तर एकाच वहीतून. म्हणून तो विषय सोडला. पवनारकडे शेवटी वळेन. आधी मात्र तुम्हाला बरेच लांब न्यायचे आहे: सेलू रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी धरून, पुढे समुद्रमार्गे, हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर. वारसा सांभाळायचा म्हणजे रोजच्या व्यवहारात काय करायचे, हे मला तिथल्या मराठी माणसांच्या इतिहासातून जितके कळले, तितके कोणत्याही किल्ल्यावर कळले नाही.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. हे बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. तिथे मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच आले, अठराव्या शतकात फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रज. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून ऊस लावला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. ती संपणार हे दिसू लागताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्याची सोय करून ठेवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुई बंदरात उतरले. हे लोक छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातले होते. आपल्या नागपूरचा त्याच्याशी संबंध नाही, नावावरून घोटाळा नको. पुरुषाला महिना पाच रुपये पगार आणि वर शिधा, करार पाच वर्षांचा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असाही नियम पुढे आला. आपल्याकडे शेतावरच्या सालगड्याशी कधी कोणी असा हिशेब केला असता, तर गावात काय बोलले गेले असते याची कल्पना तुम्ही करू शकता.

त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेली. तिसरे बंदर मुंबईचे. मराठी माणसे तिथून गेली. त्यांत रत्नागिरी आणि एकूण कोकणातली मोठ्या संख्येने होती, काही घाटावरचीही होती. जमीन थोडी, खाणारी तोंडे फार, सावकार दारात. कारणे आपल्याला ओळखीची आहेत. पुढे मुंबईतच कापडगिरण्या उभ्या राहिल्या, रेल्वेची कामे निघाली, आणि पोटासाठी समुद्र ओलांडण्याची गरज उरली नाही. मुंबई बंदरातून जाणारा ओघ आटला. कलकत्त्याहून मात्र माणसे येतच राहिली.

मॉरिशसमधल्या मराठी समाजाची सगळी गोष्ट मला या एका फरकात दिसते. भोजपुरी बोलणाऱ्यांमध्ये दर काही वर्षांनी देशाहून नवी माणसे येऊन मिसळत होती. नवी गाणी, नवे शब्द, गावाकडच्या बातम्या येत होत्या. मराठी माणसे पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत जी गेली ती गेली. मागून कोणी येत नाही आणि पुढे परतीचे नाही. विहिरीचा झरा बंद झाल्यावर आहे तेच पाणी पिढ्यान् पिढ्या पुरवायचे, तसे झाले.

आता त्या काळाशी आपला धागा जोडून पाहा. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला १८६२ मध्ये. पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर वसवायला घेतले १८६६ मध्ये. रेल्वे नागपूरपर्यंत पोचली १८६७ मध्ये, आणि अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला आलेला भाव तेव्हा नुकताच उतरत होता. त्याच १८६७ साली मॉरिशसमध्ये एक कायदा झाला. करार संपलेल्या मजुरानेही स्वतःचा फोटो असलेले तिकीट सतत जवळ बाळगले पाहिजे, नाहीतर पोलीस त्याला भटक्या म्हणून पकडतील. ज्या काळात आपल्याकडच्या राजेरजवाड्यांचेही फोटो मोजकेच निघत, त्या काळात या फाटक्या माणसांचे फोटो काढले गेले. हेतू त्यांच्यावर नजर ठेवण्याचा होता. आज त्यांच्या पणतूंना खापरपणजोबांचा चेहरा पाहायला मिळतो तो त्यामुळे. इतिहासात अशी उलटापालट फार वेळा होते.

निवृत्तीनंतर एका सहल कंपनीबरोबर मी तिथे गेलो होतो. मंडळी समुद्रकिनाऱ्यावर गेली आणि मी एक सकाळ आप्रवासी घाटावर काढली. जागा अगदी छोटी आहे, १,६४० चौरस मीटर. म्हणजे अर्धा एकरही नाही. १८४९ मध्ये इंग्रजांनी इथे मजुरांचा डेपो बांधला. जहाजातून उतरलेला माणूस धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढून आत यायचा. दोन दिवस तिथल्या खोल्यांत राहायचे, अंघोळ-जेवण तिथेच, आजारी असेल तर दवाखाना तिथेच, मग मळ्याचा माणूस येऊन घेऊन जायचा. आज त्यातले थोडे उरले आहे: पायऱ्या, खोल्यांचे अवशेष, दवाखान्याच्या इमारतीचे प्रवेशद्वार, काही भिंती. बाकी बरेचसे बंदर आणि मोठा रस्ता यांच्या बांधकामात गेले. बाजूने गाड्यांचा आवाज सतत चालू असतो. बांधकाम म्हणून पाहायला गेलात तर निराश व्हाल. आपल्या गावाकडच्या कापसाच्या जुन्या जिनाच्या भिंती याहून उंच असतील.

या जागेला लोक 'कुली घाट' म्हणत. ज्या शब्दाने आपल्या आजोबाला हिणवले तो शब्द पाटीवर लिहायचा का, आणि मुळात हा अपमानाचा दगड जपायचाच कशाला, हा प्रश्न तिथल्या लोकांपुढे होता. पुष्कळ घरांत, विशेषतः शिकून पुढे गेलेल्या घरांत, आपला पूर्वज करारावर आलेला मजूर होता हे मुलांना सांगितलेच जात नव्हते. ते बदलायला वेळ लागला. जागेचे नाव बदलून 'आप्रवासी घाट' झाले. २००१ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून आप्रवासी घाट ट्रस्ट फंड स्थापन केला. या संस्थेने उत्खनन केले, भिंती दुरुस्त केल्या, कागदपत्रे लावली, आणि २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत या अर्ध्या एकराचे नाव घातले. २०१४ पासून शेजारी एक माहिती केंद्रही आहे. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, पळालेल्या गुलामांनी जिथे आसरा घेतला तो ल मॉर्न डोंगरही त्याच यादीत गेला. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर अशा दोन्ही दिवशी सुट्टी असते. एक गुलामगिरी संपल्याची, दुसरी मजूर आल्याची. एकाच्या दुःखापुढे दुसऱ्याचे झाकायचे नाही, हे त्यांनी सुट्ट्यांच्या यादीत तरी साधले आहे.

सरकारी संस्थेचे काम मोठेच. पण त्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या मराठी माणसांनी स्वतःची मंडळे काढली होती, आणि मला त्यांचे जास्त कौतुक वाटते. वाक्वा, कॅस्कावेल, हेन्रिएटा ही तिथल्या मराठी वस्तीची गावे. तिथले लोक या मंडळांना 'मंडळी' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाक्वामध्ये 'मराठी प्रेमवर्धक मंडळी' निघाली. नावच बघा! आजकाल आपण संस्थांना इतकी जड नावे देतो की पावती पुस्तकावर मावत नाहीत. उसाच्या मळ्यातून संध्याकाळी घरी आलेल्या या माणसांना प्रेम वाढवायचे होते, म्हणून त्यांनी तेच नाव ठेवले. १८९६ साली हेन्रिएटामध्ये भिवाजी घराण्यात पहिला गणपती बसला असे तिथे मानले जाते. लोकमान्यांचा सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ चा. आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते आणि मराठी घरांतले गणपती नदीत-समुद्रात विसर्जनाला निघतात. समोर 'झाकरी' नाचतात. कोकणातली जाखडी ती हीच, फक्त दीडशे वर्षे वेगळ्या पाण्यावर वाढलेली. लग्नकार्यात गोंधळही घालतात. १९६० मध्ये गावोगावच्या मंडळ्या एकत्र येऊन मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन झाले. जागतिक मराठी परिषद १९८९ मध्ये मुंबईत भरली, आणि १९९१ ची दुसरी परिषद मॉरिशसला गेली. २००८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून मराठी स्पीकिंग युनियन स्थापन केली. २०२३ च्या एप्रिल महिन्यात फेडरेशनच्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा बारा फुटी पुतळा उभा राहिला. त्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या होत्या.

मात्र एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ही माणसे आज घरी क्रिओल बोलतात. फ्रेंच शब्दांवर उभी राहिलेली ही बेटाची बोली सगळ्यांची आहे. मराठी ती मुले शाळेत शिकतात, ऐच्छिक विषय म्हणून, पुस्तकातून, परीक्षेसाठी. सरकारी नाट्यमहोत्सवात दरवर्षी मराठी नाटके होतात, नट पाठ करून छान बोलतात, आणि पडदा पडल्यावर क्रिओलमध्ये गप्पा मारतात. त्यांच्या पूर्वजांची कोकणी बोली गेली आणि तिच्या जागी पुण्याच्या पुस्तकातली प्रमाण मराठी आली. यावर नाक मुरडण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे. वर्गात "कावून?" म्हटले की "का, असे म्हण" ही दुरुस्ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बाईंचेही चुकत नव्हते, बोर्डाचा पेपर प्रमाण भाषेत असायचा. पण आपली नातवंडे आज वऱ्हाडी बोलतात का, हे ज्याचे त्याने घरी तपासावे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माझ्या नातवाला 'पोट्टे' हा शब्द शिवीसारखा वाटला.

भाषा गेली, मग राहिले काय? माझ्या मते रजिस्टर राहिले. पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळायचा आणि त्याच्या नावासमोर बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज अशा नोंदी व्हायच्या. ही शेकडो जाड पुस्तके आणि ते फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेले आहेत. २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत त्यांची दखल घेतली. लोक तिथे येतात, अर्ज देतात, पूर्वजाचे नाव-क्रमांक सांगतात आणि नोंदीचा उतारा घेऊन जातात. उतारा हातात आला की खरा प्रश्न सुरू होतो. लिहिणारा कारकून इंग्रज नाहीतर बंगाली, सांगणारा कोकणातला, आणि मध्ये दुभाषी. त्या काळी रत्नागिरीचे इंग्रजी स्पेलिंगच 'रुतनाघेरी' असे होते, मग एखाद्या वाडीचे काय झाले असेल! आडनाव तर बहुधा लिहिलेच नाही. समजा, गोविंद नावाचा माणूस उतरला. त्याच्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत बापाचे नाव गोविंद, म्हणून मुलाचे आडनाव गोविंद, आणि पुढच्या सगळ्या पिढ्या गोविंदच. घराण्याचे मूळ आडनाव जहाजातच राहिले. त्यामुळे तिथून कोणी गाव शोधत कोकणात आला तर त्याच्या हातात असते एक वाकडे-तिकडे गावाचे नाव आणि दोन पहिली नावे.

तरीही त्या कागदाला किंमत आहे, अगदी रोख किंमत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या होत्या. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळू शकेल असे त्यांनी जाहीर केले. सातवी पिढी सिद्ध कशाने करणार? त्याच रजिस्टरने. कारकुनाने कंटाळून लिहिलेली एक ओळ आणि पावणेदोनशे वर्षांनी तिच्यावर अडलेला अर्ज.

इथे वर्ध्याच्या माणसाने थोडे थांबायला हवे, कारण ही पुस्तके ज्या संस्थेत आहेत तिचे नाव उगाच गांधींचे नाही. दक्षिण आफ्रिकेतून परतताना, १९०१ च्या ऑक्टोबरअखेरीस, गांधीजींचे जहाज मॉरिशसला लागले आणि ते जवळपास तीन आठवडे तिथे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी लोकांना सांगितले. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढू लागले. गांधीजी सेवाग्रामला आले ते १९३६ मध्ये, म्हणजे मॉरिशसने त्यांना आपल्यापेक्षा पस्तीस वर्षे आधी पाहिले. मॉरिशसने १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी १२ मार्च हा दिवस निवडला, तो दांडीयात्रा निघाल्याचा दिवस. बापूकुटी सायकलच्या टप्प्यात असल्यामुळे आपल्याला गांधी म्हणजे शाळेची सहल वाटत आली. त्या बेटावर त्यांचे नाव वेगळ्या वजनाने घेतात.

आता आपल्या शाळेकडे. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात एक जाड, कापडी पाठीचे पुस्तक असायचे. दाखल-खारीज रजिस्टर. आपण सगळे त्यात आहोत: अनुक्रमांक, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि शेरा. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा जन्म १ जुलैचा का, याचे उत्तर खगोलशास्त्रात सापडणार नाही. बाप शेतातून थेट नाव घालायला आला, "पुराच्या साली झाला" एवढेच त्याला सांगता आले, गुरुजींनी हिशेब करून तारीख टाकली. घरी हाक मारायचे ते नाव वेगळे आणि रजिस्टरात चढले ते वेगळे, अशी आपल्या बॅचमध्ये किमान चार उदाहरणे आहेत. स्नेहसंमेलनात ती ओळखीची होतीलच. पोर्ट लुईचा कारकून आणि आपले गुरुजी यांच्यात फरक एवढाच, की गुरुजींना मुलाचे भले व्हावेसे वाटत होते.

आणि याही रजिस्टराची रोख किंमत आहे. जात पडताळणीच्या फेऱ्यात ज्यांची मुले सापडली त्यांना तारखा पाठ आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा आणा. आजोबाकडे सातबारा नाही, कोतवाल बुकाचे पान सापडत नाही, मग आजोबा ज्या शाळेत दुसरीपर्यंत गेले तिथले रजिस्टर हाच आधार. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर अशीच जुनी शाळा-रजिस्टरे आणि मोडीतले कागद धुंडाळले गेले. मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली होती. एका मुलीचा मेडिकलचा प्रवेश वाळवीने खाल्लेल्या पानापाशी अडलेला मी जवळून पाहिला आहे. गाव आणि शाळा सांगत नाही. त्या पानाचा एक फोटो वेळेवर काढलेला असता तर पुढचे वर्ष वाचले असते.

पवनारकडे वळेन म्हटले होते. धाम नदीच्या काठावर विनोबा १९३८ मध्ये राहायला आले, तेव्हा जमीन खणताना जुन्या मूर्ती निघू लागल्या. भरत-रामाच्या भेटीचे शिल्प त्यांतलेच, आणि ते आश्रमात आजही आहे. हे ठिकाण म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननानंतर प्रवरपूर तिकडे असावे असे काही अभ्यासक म्हणू लागले. वाद तज्ज्ञांचा आहे, तो त्यांनी करावा. मला त्यातली पवनारची गोष्ट आवडते ती वेगळ्या कारणासाठी. शेतात कुदळ लागून मूर्ती निघाली, ती कोणी विकली नाही, बांधाला लावली नाही, ज्यांच्या हातून निघाली त्यांनीच ती सांभाळली. आपल्या तालुक्यात विहिरीचे, रस्त्याचे खोदकाम चालू असताना किती दगड डंपरमध्ये गेले असतील, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

या स्नेहमेळाव्याच्या शिल्लक निधीतून काय करावे, यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. कमान, वॉटर कूलर आणि व्यासपीठ असे तीन प्रस्ताव आले आहेत. माझा चौथा. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन दाखल-खारीज रजिस्टरांची सगळी पाने स्कॅन करावी. एक प्रत शाळेकडे, एक बाहेर सुरक्षित ठेवावी. त्यात लोकांच्या खाजगी नोंदी आहेत, म्हणून ती ग्रुपवर टाकायची नाही, ज्याची त्याला उताऱ्यापुरती मिळावी. दिवाळीच्या सुट्टीत चार जण बसले तर काम होईल. मी येतो. ज्यांचे अक्षर चांगले आहे त्यांनी सूचीसाठी यावे, ज्यांची नजर अजून शाबूत आहे त्यांनी फिकट शाई वाचायला. आणि येताना घरातले वर्गाचे जुने ग्रुप फोटो आणावेत, मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे लिहून. खालच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे माझ्याकडच्या फोटोत मला आता आठवत नाही.